इन्सुलिनची बाटली फुकट मिळते, पण रजिस्टरला नाव चढलं पाहिजे

मागच्या महिन्यात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं की शुगरची तपासणी, गोळ्या आणि इन्सुलिन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, घरी बसून कर्ज काढू नका. त्यावर सोलापूरच्या पूर्व भागातनं, मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडनं इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सरकारी आरोग्य खात्यात फार्मासिस्ट म्हणून माझी उभी नोकरी सोलापूर जिल्ह्यातच गेली, औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, त्यामुळे आतनं काय चालतं ते मला माहितीय आणि तेच सांगते.

निम्म्या लोकांचा प्रश्न एकच आहे, की अनुदानाचा फॉर्म कुठं मिळतो आणि पैसे खात्यावर कधी पडतात. तर आधी ते मिटवू. शुगरच्या पेशंटच्या खात्यावर महिन्याला पैसे टाकणारी योजना नाही. सरकार जे देतं ते वस्तूत देतं, म्हणजे तपासणी, गोळी, बाटली, आणि वेळ आली तर भरती होऊन उपचार. कुणी तुमच्याकडनं शंभर-दोनशे रुपये घेऊन "शुगर अनुदानाचा फॉर्म" भरून देत असेल तर त्याला आधारची झेरॉक्स पण देऊ नका. आता पत्रं घेते.

ताई, मी विड्या वळते, कुंभारीला घरकुलात राहते, वय बावन्न. पायाला मुंग्या येतात, रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, शेजारीण म्हणती शुगर असंल. खासगीत गेलं की तपासणी आणि डॉक्टरची फी मिळून दोन दिवसाची मजुरी जाते. फुकट तपासणी कुठं होती ते सांगा, आणि निघाली तर पुढं काय?

मावशी, पहिलं म्हणजे तपासणी करायला आजारी असायचीच गरज नाही. तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक माणसाची शुगर आणि बीपी तपासायची हा सरकारचाच कार्यक्रम आहे, आणि त्यासाठी तुमच्या भागातल्या आशाताईंकडं एक छापील फॉर्म असतो, त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू, घरात कुणाला शुगर आहे का असले प्रश्न असतात. तुम्ही आशाताईंना नुसतं म्हणा की माझा तीस वर्षांवरचा फॉर्म भरा. नाहीतर सरळ जवळच्या उपकेंद्रात जा, आता त्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर असा बोर्ड असतो. शहरात राहणाऱ्यांनी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जावं. आणि जिथं "आपला दवाखाना" नावाचा सरकारी दवाखाना सुरू आहे तिथं योजनेतच वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठेवलीय, कारखान्यावरनं किंवा विड्या देऊन आल्यावर पण जाता येतं, मजुरी बुडत नाही.

तिथं बोटातनं थेंब काढून तपासतात. कधीही तपासलेली शुगर १४० च्या वर आली की पुढं पाठवतात, मग उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची होते. उपाशी १२६ किंवा त्याच्या वर, जेवणानंतरची २०० किंवा त्याच्या वर, असं आलं की शुगर धरतात, सहसा एकदा परत तपासून खात्री करून. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी असते, ती साडेसहा किंवा वर असेल तरी तेच. ही ग्रामीण रुग्णालयात नाहीतर सिव्हिलला डॉक्टरांनी लिहून दिली की करून घ्यायची. तुमच्या पायाला मुंग्या येतायत म्हणून मी सांगते, नुसती शुगर तपासून परत येऊ नका, डॉक्टरांना पाय दाखवा, चप्पल काढून दाखवा. आणि विड्या वळताना तासन् तास मांडी घालून बसता तेही सांगा, कारण मुंग्या त्यानं पण येतात, डॉक्टरांना फरक कळला पाहिजे.

आता शुगर निघाली तर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या रोजच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, एका वेळी महिन्याच्या मागा, पाच-पाच दिवसांच्या घेऊन हेलपाटे घालू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथं केसपेपर पण फुकट, तपासणी पण फुकट. आपलं सिव्हिल, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं म्हणून ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडं येतं, त्या निर्णयात ते नव्हतं, तिथं केसपेपरला थोडे पैसे पडले तर भांडू नका. विडी कामगार म्हणून तुमचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याणच्या विडी दवाखान्यातही दाखवता येतं.

आणि मावशी, सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या घेऊन नुसतं घरी येऊ नका. तिथं शुगर-बीपीच्या पेशंटचं वेगळं रजिस्टर असतं, आता ते ऑनलाइन पण भरतात, त्यात तुमचं नाव चढलंय का ते विचारून घ्या. का ते पुढच्या पत्रात सांगते.

नमस्कार ताई. आम्ही मोहोळ तालुक्यातले, दोन एकर कोरडवाहू. मुलगी नऊ वर्षांची, गेल्या वर्षी एकदम बारीक झाली, उलट्या सुरू झाल्या, आयसीयूत ठेवलं तेव्हा कळलं टाइप वन. आता दिवसाला चार वेळा इन्सुलिन, चार वेळा काडीनं शुगर तपासायची. महिन्याला चार-पाच हजार लागतात. आमच्या आरोग्य केंद्रात विचारलं तर म्हणाले इन्सुलिन नाही, सोलापूरला जा. सरकारकडनं काहीच मिळत नाही का? मुलीच्या आईनं डोरलं मोडलंय.

दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुम्हाला उत्तर जरा मोठं देते, कारण टाइप वनच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही त्या शुगरच्या, घरांना आजपर्यंत कुणी नीट बसवून सांगितलेलं नसतं.

पहिलं, इन्सुलिन हे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. साधं ह्युमन इन्सुलिन, लवकर काम करणारं, सावकाश काम करणारं आणि ३०-७० चं मिक्स, तिन्ही आहेत, आणि २०२२ च्या यादीत दिवसभर पुरणारं ग्लार्जिन पण घातलंय. यादीत असल्याचा एक अर्थ असा की त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं, मेडिकलवाला त्याच्या वर घेऊ शकत नाही. दुसरा अर्थ असा की सरकारी दवाखान्यानं ते ठेवावं अशी अपेक्षा आहे. मग तुमच्या केंद्रात का नाही?

ते मी खिडकीच्या आतनं बघितलंय. केंद्रातनं औषधाची मागणी जाते ती मागच्या खपावर जाते. मागच्या वर्षी इन्सुलिनच्या किती बाटल्या गेल्या, शून्य, मग यंदा मागणी किती, शून्य. तुमच्यासारखा माणूस येतो, तोंडी विचारतो, नाही म्हटलं की जातो, त्याची नोंद कुठंच होत नाही, म्हणजे कागदावर त्या गावात इन्सुलिनचा पेशंटच नाही. मी एका दवाखान्यात होते तिथं याच्या उलट झालेलं. वरनं पंचवीस बाटल्या आल्या, फ्रिजमध्ये राहिल्या, कुणाला सांगितलंच नाही, आणि तारीख संपून गेल्या. त्याच गावातली एक बाई त्याच महिन्यात सावकाराकडनं पैसे घेऊन बाटली विकत घेत होती. ते मला नंतर कळलं. तेव्हापासनं मी येईल त्याला एकच सांगते, नाव चढवा, रजिस्टरला नाव चढवा, तुमचं नाव हीच तुमची मागणी आहे.

म्हणून असं करा. मुलीचे आयसीयूचे डिस्चार्जचे कागद, आताची इन्सुलिनची चिठ्ठी, आधार आणि रेशनकार्ड घेऊन एकदा सोलापूरला सिव्हिलच्या बालरोग ओपीडीला जा. तिथल्या डॉक्टरांकडनं सरकारी चिठ्ठीवर इन्सुलिनचं नाव, रोजचे युनिट आणि महिन्याला किती बाटल्या हे लिहून घ्या. मग तो कागद घेऊन तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं जा आणि एक साधा अर्ज द्या, की माझ्या मुलीला दर महिन्याला इतक्या बाटल्या लागतात, तिचं नाव नोंदवून नियमित पुरवठा करावा. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा, त्यावर पोच म्हणजे शिक्का, सही आणि तारीख घ्या. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडं थोडा निधी असतो, तातडीचं औषध त्यातनं जागेवर विकत घेता येतं, तेही अर्जात लिहा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर त्याच अर्जाची प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. भांडण करायची गरज नाही, बहुतेक ठिकाणी पोच घेतलेला कागद बघितला की माणसं हलतात. तोपर्यंत मात्र एक दिवसही इन्सुलिन बंद ठेवू नका, टाइप वनमध्ये मूल इन्सुलिनवाचून राहू शकत नाही. उलटी, पोटात दुखणं, भराभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, यातलं काही दिसलं की लगेच मोठा दवाखाना, १०८ ला फोन करा.

आता एक धोका, हा कृपा करून आईला पण वाचून दाखवा. तुम्ही आता बहुतेक इन्सुलिनचं पेन वापरताय, पेनातलं इन्सुलिन १०० चं असतं. सरकारी दवाखान्यात मिळते ती बाटली साधारण ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, १० मिलीच्या बाटलीत ४००. तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंजच लागते. नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज घेऊन ४० च्या बाटलीतनं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर मुलीला खरं तर ८ च युनिट जातात, शुगर वर चढत राहते आणि तुम्हाला वाटतं फुकटचं औषध हलकं आहे. याच्या उलट १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ५० युनिट जातात, त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून पेनावरनं बाटलीवर जाताना डॉक्टरांसमोर, नर्सबाईंसमोर एकदा स्वतःच्या हातानं भरून दाखवा. आणि प्रकार बदलत असेल तर युनिट पण डॉक्टरच ठरवतील, आपण नाही.

राहिल्या काड्या. इथं मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. सरकारी केंद्रात ग्लुकोमीटर आणि काड्या येतात त्या तिथं येणाऱ्यांना तपासायला. घरी घेऊन जायला काड्या देणं हे नेहमीच्या व्यवस्थेत बसवलेलंच नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठं भोक इथंच आहे. दिवसाला ४ म्हणजे महिन्याला १२०, काडी २० रुपयांची धरली तर २४०० रुपये, इन्सुलिनपेक्षा काडीच महाग पडते. आणि काडीशिवाय मुलाला इन्सुलिन देणं म्हणजे अंधारात सुई मारणं. ज्या मुलाचं आयुष्य काडीवर चाललंय त्याला काडी औषधासारखीच मिळाली पाहिजे, हे मी नोकरीत असताना मीटिंगमध्ये पण बोललेय आणि इथं पण लिहितेय. तुमच्या अर्जात काड्यांची मागणी पण लिहाच, मिळेल न मिळेल, पण कागदावर गरज दिसू दे.

तोवर खर्च कसा कमी करायचा ते सांगते. मीटर घेताना मीटरची किंमत बघू नका, काडीची बघा, कारण मीटर एकदा आणि काडी रोज. मीटर फुकट आणि काड्या महाग असला सौदा नको. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात जेनेरिक गोळ्या ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त असतात, तिथं मीटर आणि काड्यांची चौकशी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि काड्यांवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, बिल मागून घ्या आणि त्यावर ५ च लागलाय ना ते बघा. काड्यांची डबी उघडल्यावर झाकण घट्ट लावा, आपल्याकडं पावसाळी हवेत उघडी राहिलेली काडी चुकीचा आकडा दाखवते. आणि चार वेळा तपासायचं ठरलं असेल तर पैसे वाचवायला मनानं दोनवर आणू नका, डॉक्टरांना सांगा की महिन्याला इतक्याच काड्या परवडतात, कुठल्या वेळा सोडल्या तर चालेल, ते वेळा फिरवून देतात, आज सकाळ-दुपार, उद्या संध्याकाळ-रात्र असं.

शाळेचं तुम्ही विचारलं नाही पण सांगते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना कळवलंय की टाइप वनच्या मुलांना वर्गात शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधल्या वेळेत खायला द्यावं, परीक्षेत पण. गुरुजींना भेटा, मुलीच्या दप्तरात साखरेची पुडी ठेवा. हात थरथरणं, घाम, गप्प होणं असं दिसलं की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, हे तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला पण शिकवा.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, पगारातनं ईएसआय कापतात पण आजपर्यंत कधी गेलो नाही, तिथं काय मिळतंय असं सगळे म्हणतात. आईला इन्सुलिन चालू आहे. तिला मिळेल काय?

मिळेल की! दादा, ईएसआय म्हणजे कामगारांचा राज्य विमा, त्याला तुमच्या पगारातनं पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो, दर महिन्याला, आणि तुम्ही मेडिकलमधनं रोख पैसे देऊन बाटली आणताय. २१,००० पर्यंत पगार असलेल्या नोंदणी झालेल्या कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना ईएसआयमध्ये बाह्यरुग्ण औषधं पण मिळतात, भरती व्हायचीच अट नाही. महिन्याच्या इन्सुलिनसाठी तर माझ्या मते नोकरदार माणसाला यापेक्षा चांगली सोय दुसरी नाही. फक्त आई तुमच्या कार्डावर आहे का ते बघा, बऱ्याच जणांनी लग्नाआधी कार्ड काढलेलं असतं आणि त्यावर एकटेच असतात. ऑफिसमधल्या माणसाकडनं आईचं आधार, फोटो देऊन नाव घालून घ्या, आईचं स्वतःचं उत्पन्न किती ते पण विचारतील. मग आईचे जुने कागद घेऊन ईएसआय दवाखान्यात एकदा पूर्ण दिवस काढून जा. पहिल्या दिवशी वेळ जातो, रांग असते, खरं आहे. नंतर महिन्याला एक चक्कर.

मी निवृत्त शिक्षक, वय ७२, पेन्शनवर. महात्मा फुले योजनेच्या कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मोफत म्हणतात, पण त्या दवाखान्यात इन्सुलिन मागितलं तर नाही म्हणाले. ही फसवणूक नाही का? शिवाय तपासण्यांच्या खर्चाची इन्कम टॅक्समध्ये काही सवलत?

गुरुजी, फसवणूक नाही, पण कुणी नीट समजावून सांगितलं नाही हे मात्र चुकलंच. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत आपलं सोलापूर होतं, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव आलं. पहिल्यापासनं तिचा पाया एकच, भरती होऊन करायचे ठरलेले उपचार. म्हणजे शुगर चढून किटोअ‍ॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्तात आम्ल साठलं, पायाची जखम चिघळून ऑपरेशन लागलं, किडनी गेली आणि डायलिसिस लागलं, तर कार्ड कामाला येतं. घरी रोज टोचायचं इन्सुलिन आणि महिन्याची तपासणी त्यात बसत नाही. मला स्वतःला हे पटत नाही, कारण दीड-दोन बाटल्या वेळेवर मिळाल्या तर तो पायच कापायला लागत नाही, पण आज नियम असा आहे आणि तुम्हाला तो माहीत पाहिजे. चौकशीला योजनेचा फोन १५५३८८.

तुमचं वय ७२ म्हणजे तुम्हाला आणखी एक हक्क आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असू दे, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधारवर निघतं, चौकशी १४५५५. तेही भरतीसाठीच. तुम्ही आधीपासनं दुसऱ्या सरकारी आरोग्य योजनेत असाल तर दोन्हीतलं एक निवडावं लागतं.

टॅक्सचं म्हणाल तर फायदा जुन्या करप्रणालीत आहे, नव्यात नाही. जुन्यात प्रतिबंधात्मक तपासणीचे वर्षाला ५,००० पर्यंत धरता येतात. आणि साठीच्या वरच्या ज्यांचा आरोग्य विमाच नाही त्यांना औषधोपचाराचा खर्च एकूण ५०,००० पर्यंत वजावटीत दाखवता येतो, ते ५,००० त्यातच आले. औषधाचे पैसे रोख दिलेले धरत नाहीत, त्यामुळे मेडिकलमध्ये फोननं किंवा कार्डानं द्या आणि बिलं फाइलला लावा.

खासगीतच भरती व्हायची वेळ आली आणि उत्पन्न कमी असेल तर, हे तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवायच्या असतात, निर्धनसाठी वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी निघत नाही.

लेक माहेरी आलीय बाळंतपणाला, अक्कलकोटला असतो आम्ही. सहावा महिना चालूय. ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं तर १६२ आली. डॉक्टर म्हणतात आहारानं बघू, नाहीतर इन्सुलिन. पहिलटकरीण आहे, भीती वाटायलीय, आणि खर्च कोण देणार?

ताई, भिऊ नका, वेळेत सापडली हे चांगलं झालं. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात, १४० किंवा वर आली की गरोदरपणातली शुगर धरतात. पहिल्या तपासणीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत एकदा, सरकारी दवाखान्यात फुकट. खर्चाचं म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, औषधं, बाळंतपण, सिझर, न्यायची-आणायची गाडी, सगळं फुकट, आणि इन्सुलिन लागलं तर तेही औषधच आहे, त्याचे पैसे मागता येत नाहीत. माहेरी आली म्हणून अडत नाही, सासरचं माता-बाल कार्ड दाखवा आणि इथल्या नर्सताईंकडं नोंद करा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी डॉक्टर करतात, ती चुकवू नका.

बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात जायचं आधीच ठरवून ठेवा. बाळंत झाल्यावर दीड महिन्यानं लेकीची शुगर परत तपासायची असते आणि बाळाच्या गडबडीत ती हमखास राहते, तुम्हीच लक्षात ठेवा. डोहाळजेवणाला जिलेबी-बासुंदीचा आग्रह मात्र या वेळी कुणाला करू देऊ नका, ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाचटणी बेतानं, यात तिचं छान भागतं.

आम्ही बीडचे, ऊसतोडीला सोलापूर जिल्ह्यात कारखान्यावर येतो, पालात राहतो. घरवाल्याला इन्सुलिन आहे. गावाकडच्या दवाखान्यातनं दोन बाटल्या घेऊन निघतो, त्या संपल्या की बंद. इथल्या दवाखान्यात देतील का, आणि फ्रिज नाही तर बाटली कुठं ठेवायची?

देतील, द्यायलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात गावचा पत्ता बघून औषध द्यायचं असं काही नाही. निघताना गावच्या डॉक्टरांकडनं चिठ्ठीवर इन्सुलिनचं नाव आणि युनिट ताजं लिहून घ्या, जमलं तर चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख नंबर, काढून घ्या म्हणजे नोंद ऑनलाइन दिसू शकते. इथं आल्यावर बाटली संपायची वाट बघू नका, पहिल्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन नाव चढवा आणि सांगा की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आम्ही इथंच आहोत. जायला जमत नसेल तर आशाताईंना पालावर बोलवा, तोडीच्या टोळीतल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांचीच तपासणी होऊन जाईल.

बाटली ठेवायचं म्हणाल तर न उघडलेली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, ती शक्यतो दवाखान्याच्या फ्रिजमध्येच राहू द्या, एका वेळी एकच आणा. उघडलेली बाटली थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते, पण पालात दुपारी जे तापतं त्याला सावली म्हणत नाहीत. एक मोठं मातीचं मडकं घ्या, त्यात वाळू घालून ओली करा, वाळूत छोटं मडकं बसवा, बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्या छोट्या मडक्यात ठेवा, वरनं ओलं फडकं. आपली हवा कोरडी आहे, पाणी उडून जाताना मडकं चांगलं गार होतं, मात्र वाळू दिवसातनं दोनदा भिजवायला लागते. बर्फात कधी ठेवू नका, गोठलं की इन्सुलिन वाया गेलं. साधं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढूळ दिसलं तर टोचू नका, आणि ३०-७० चं दुधासारखंच असतं, ते तळहातावर हळू फिरवून घ्यायचं, त्यात गुठळ्या किंवा कण दिसले तर तेही टाका. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनानं तिच्यावरच लिहा, लिहिता येत नसेल तर दवाखान्यातल्या ताईंकडनं लिहून घ्या, आणि वापरलेल्या सुया उसाच्या पाचटात टाकू नका, प्लास्टिकच्या जाड बाटलीत साठवून पुढच्या खेपेला दवाखान्यात परत द्या, पालाभोवती लेकरं अनवाणी फिरतात.